पार्किन्सन्ससाठी स्टेम सेल : सुरक्षितता तपासतात कशी? नाशिकच्या कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या आमच्या शुभार्थी-शुभंकरांच्या, म्हणजे पार्किन्सन्सचे रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारे यांच्या, गटात गोळ्यांच्या वेळापत्रकाखालोखाल चर्चा होते ती स्टेम सेलची. कुणाच्या मोबाइलवर जपानचा व्हिडिओ येतो, कुणाला साडूने जाहिरात पाठवलेली असते, निफाडचं कुणीतरी दिल्लीला जाऊन ‘इंजेक्शन घेऊन’ आलेलं असतं. प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. बहुतेक उदाहरणं पार्किन्सन्सची आहेत, कारण मेंदूत पेशी घालण्याचा सर्वांत जुना अनुभव याच आजाराचा आहे. गोळ्यांत बदल मात्र न्यूरॉलॉजिस्टला विचारूनच करा, या पानावरून नाही.

स्टेम सेल म्हणजे नक्की काय टोचतात?

हे आधी विचारलं पाहिजे आणि नेमकं हेच कुणी विचारत नाही. एकाच नावाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी विकल्या किंवा तपासल्या जातात.

पहिली, भ्रूण स्टेम सेलपासून किंवा ‘आयपीएस’ पेशींपासून (मोठ्या माणसाच्या त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशी पुन्हा ‘कच्च्या’ करून बनवलेल्या स्टेम सेल) प्रयोगशाळेत घडवलेल्या, डोपामिन (हालचालींसाठी लागणारं मेंदूतलं रसायन, जे पार्किन्सन्समध्ये कमी पडतं) तयार करण्याच्या वाटेवर असलेल्या चेतापेशी. कवटीला छिद्र पाडून त्या मेंदूच्या पुटामेन या भागात सोडतात. दुसरी, गर्भाच्या मेंदूतली ऊती थेट वापरणं. ही पद्धत जुनी. स्वीडनमधल्या लुंडला १९८७ पासून वापरली गेली. तिसरी, अस्थिमज्जा, चरबी किंवा नाळेतून काढलेल्या ‘मेसेन्कायमल’ पेशी, ज्या शिरेतून किंवा कंबरेतून मणक्यातल्या पाण्यात देतात. आपल्याकडच्या जाहिराती बहुधा या तिसऱ्या प्रकारच्या असतात आणि व्हिडिओ पहिल्या प्रकाराचा दाखवतात. शिरेतून दिलेल्या मेसेन्कायमल पेशींपैकी बहुतांश फुफ्फुसातच अडकतात. त्यांच्यापासून मेंदूत डोपामिनच्या नव्या पेशी तयार होतात असं कुठेही सिद्ध झालेलं नाही.

जपानमध्ये तर यशस्वी झालं. मग अजून तपासायचं काय राहिलं?

जपानमध्ये काय झालं ते पाहू. क्योटो विद्यापीठातल्या जुन ताकाहाशी यांच्या गटाने २०१८ मध्ये चाचणी सुरू केली. ५० ते ६९ वयाच्या ७ रुग्णांच्या मेंदूत दोन्ही बाजूंना दात्याच्या आयपीएस पेशींपासून बनवलेल्या पेशी घातल्या आणि २४ महिने पाहणी केली. निष्कर्ष एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आले. गंभीर दुष्परिणाम नाही, गाठ नाही. परिणामासाठी तपासलेल्या ६ जणांपैकी ४ जणांच्या हालचाली गोळी न घेतलेल्या अवस्थेत सुधारल्या. त्याच अंकात अमेरिका-कॅनडातली दुसरी चाचणीही आली. तिच्यात भ्रूण स्टेम सेलपासून बनवलेल्या पेशी १२ रुग्णांना दिल्या होत्या आणि १८ महिन्यांपर्यंत पेशींमुळे गंभीर त्रास आढळला नाही.

बातमी खरोखर चांगली आहे. पण सात जणांत शून्य गाठी म्हणजे धोका शून्य असं होत नाही. संख्याशास्त्राच्या साध्या हिशेबाने, ७ जणांत एकालाही त्रास झाला नाही, तरी खरा धोका शंभरात ३५ पर्यंत असू शकतो आणि तो केवळ योगायोगाने दिसला नाही असं होऊ शकतं. १२ जणांत शून्य असेल तर ही मर्यादा शंभरात २२ च्या आसपास येते. ‘शंभरात एकापेक्षा कमी’ असं ठामपणे म्हणायला सुमारे ३०० रुग्ण एकही घटना न होता पाहावे लागतात. धोका ३५ टक्के आहे, असं मी म्हणत नाही. तो बहुधा पुष्कळ कमी असेल. पण ‘बहुधा’ आणि ‘तपासलं’ यांतलं अंतर भरायलाच मोठ्या चाचण्या लागतात. शिवाय या दोन्ही चाचण्यांत ना कुणाला काय दिलं हे लपवलेलं होतं ना तुलनेचा गट होता, त्यामुळे सुधारणेचे आकडे जपूनच वाचायचे. सुरक्षिततेचा पहिला टप्पा त्यांनी पार केला, एवढं निःसंशय.

माणसाला देण्याआधी प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर काय काय तपासतात?

सगळ्यात मोठी भीती अशी, की पेशी घडवताना काही पेशी ‘कच्च्या’ राहिल्या तर. आयपीएस किंवा भ्रूण स्टेम सेल शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकते. हाच तिचा गुण आणि हाच धोका. अशा कच्च्या पेशी उंदरात टोचल्या तर ‘टेराटोमा’ नावाची गाठ होते, जिच्यात कधी केस, कधी हाड, कधी आतड्याच्या ऊती सापडतात. म्हणून तयार मालात कच्च्या पेशी उरल्या आहेत का, हे फ्लो सायटोमेट्रीने (पेशींवरच्या खुणा मोजणारी तपासणी) आणि पीसीआरने (जनुकीय खुणा शोधणारी तपासणी) शोधतात. क्योटोच्या गटाने तर ‘कोरिन’ नावाच्या खुणेवरून हव्या त्या पेशी आधीच वेगळ्या केल्या होत्या.

दुसरी तपासणी गुणसूत्रांची. पेशी महिनोन्‌महिने बशीत वाढवल्या की त्यांच्यात बदल साठत जातात. विसाव्या गुणसूत्राचा एक विशिष्ट तुकडा वाढणं, पी५३ या गाठ रोखणाऱ्या जनुकात बिघाड होणं, हे वारंवार दिसतं, कारण असे बदल झालेल्या पेशी बशीत इतरांपेक्षा जोमाने वाढतात. जपानमध्ये डोळ्याच्या आजारावर आयपीएस पेशींची पहिली चाचणी २०१४ मध्ये सुरू झाली. दुसऱ्या रुग्णासाठी त्याच्याच त्वचेपासून तयार केलेल्या पेशींत जनुकीय बदल आढळले आणि शस्त्रक्रिया थांबवली गेली. मला ही घटना यशाच्या बातमीपेक्षा जास्त आश्वासक वाटते.

तिसरी, स्वच्छता : जिवाणू, बुरशी, मायकोप्लाझ्मा (अतिसूक्ष्म जिवाणू), एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष). चौथी, प्राण्यांवर. प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत पेशी टोचून अनेक महिने थांबायचं आणि नंतर मेंदूच नव्हे, तर फुफ्फुस, यकृत, प्लीहा, जननेंद्रियं यांतही मानवी डीएनए शोधायचा. पेशी भटकल्या का, हे त्यातून कळतं. क्योटोच्या गटाने माणसाकडे वळण्याआधी माकडांवर दोन वर्षांपर्यंत पाहणी केली होती.

पण तपासणी आपल्या यादीत जे आहे तेवढंच शोधते. हे द्राक्षवाल्या नाशिककरांना वेगळं सांगायला नको. २०१० मध्ये युरोपला गेलेले कंटेनर क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे अडकले, तेव्हा आपल्याकडे माल रेसिड्यू टेस्ट होऊनच निघाला होता. फक्त ते रसायन तपासायच्या यादीत नव्हतं. पेशींच्या बाबतीतही प्रत्येक नवा अपघात झाला की यादी वाढते. म्हणून ‘सगळ्या टेस्ट केल्यात’ या वाक्यावर पुढचा प्रश्न ‘कोणकोणत्या?’ हाच असतो.

स्टेम सेलमुळे खरंच कुणाला गाठ झाली आहे का, की घाबरवायला सांगतात?

झाली आहे. अ‍ॅटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया हा दुर्मीळ आजार असलेल्या एका इस्रायली मुलाला नवव्या वर्षापासून मॉस्कोला नेऊन मेंदूत आणि मणक्यातल्या पाण्यात गर्भाच्या चेता-स्टेम सेल दिल्या गेल्या. पहिल्या उपचारानंतर चार वर्षांनी डोकेदुखीसाठी तपासलं, तर मेंदूत आणि मणक्यात गाठी. मणक्यातली गाठ काढून तपासली तेव्हा तिच्या पेशी मुलाच्या नव्हत्या, दात्यांच्या होत्या, आणि दाते निदान दोन. हा अहवाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

दुसरा अहवाल २०१६ चा. पक्षाघातानंतर एक अमेरिकी गृहस्थ चीन, अर्जेंटिना आणि मेक्सिकोला जाऊन मणक्यात स्टेम सेल घेऊन आले. मणक्यात वाढणारा गोळा झाला, त्यातल्या पेशीही परक्याच होत्या.

या दोन्ही घटना कळल्या कशा? पुढच्या डॉक्टरांनी गाठीची जनुकीय तपासणी केली म्हणून. ज्या दवाखान्यांत उपचार झाले त्यांच्याकडून ही माहिती आली नाही. चार वर्षांनी कुणाला डोकं दुखायला लागलं, हे विचारायला तिथे कुणीच नव्हतं. चाचणी आणि विक्री यांत मला दिसणारा मुख्य फरक हाच.

स्वतःच्याच चरबीतून काढलेल्या पेशी असतील तर धोका कसला?

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात फ्लोरिडातल्या तीन स्त्रियांची हकीकत आहे. त्यांच्या स्वतःच्याच चरबीतल्या पेशी त्यांच्या डोळ्यांत टोचल्या गेल्या आणि तिघींचीही दृष्टी गंभीररीत्या गेली. पेशी स्वतःची असली तर शरीर ती सहसा नाकारत नाही, एवढाच फायदा. ती कुठे टोचली, बाहेर किती वाढवली, कशात धुतली, सुई कुठून गेली, हे धोके तसेच राहतात. मणक्यातल्या पाण्यात दिल्यावर ताप, डोकेदुखी, पाठदुखी हे नेहमीचे. क्वचित मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाचा दाह होतो आणि तो लवकर हटत नाही.

गाठ झाली नाही म्हणजे सुरक्षित, असंच ना?

नाही. पार्किन्सन्सच्या इतिहासातला सगळ्यात मोठा धडा गाठीचा नव्हताच. अमेरिकेत ४० रुग्णांवर झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्यांना गर्भाच्या मेंदूतली ऊती दिली, निम्म्यांना तुलनेसाठी फक्त कवटीला छिद्रं पाडली; नंतर त्यांतल्या काहींनाही ऊती मिळाली. ऊती मिळालेल्या एकूण ३३ जणांपैकी ५ जणांना पहिल्या वर्षाच्या सुधारणेनंतर अंग वेडंवाकडं हलण्याचा त्रास सुरू झाला. गोळी कमी केली, बंद केली, तरी थांबेना. २००३ च्या दुसऱ्या चाचणीत तर ऊती मिळालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त, २३ पैकी १३ जणांना असा त्रास झाला. कारणांबद्दल आजही वाद आहेत. ऊतीत डोपामिनसोबत सेरोटोनिन या दुसऱ्या मेंदू-रसायनाच्या पेशीही गेल्या, हे एक प्रमुख स्पष्टीकरण. म्हणून आताच्या पेशींत सेरोटोनिनच्या पेशी किती, हे मोजलं जातं.

गोळीने त्रास झाला तर गोळी थांबवता येते. पेशी परत काढता येत नाहीत. त्या दीर्घायुषी असतात : एका रुग्णाच्या मृत्यूनंतर केलेल्या तपासणीत २४ वर्षांपूर्वी घातलेल्या पेशी जिवंत सापडल्या. काहींच्या घातलेल्या पेशींतही पार्किन्सन्सच्या खुणा, म्हणजे ल्युई बॉडी, दिसल्याचं २००८ मध्ये कळलं. थोडक्यात, दोन वर्षांच्या पाहणीतून दोन वर्षांचं उत्तर मिळतं.

काही रुग्णांच्या डोक्याला नुसतं छिद्र पाडतात, हे अमानुष नाही का?

आमच्या गटात यावर आवाज चढतात. दोन्ही बाजूंना मुद्दे आहेत. पार्किन्सन्समध्ये आशेचा परिणाम फार मोठा असतो. नुसती औषधाची अपेक्षाही मेंदूत डोपामिन सोडते, हे २००१ मध्ये पेट स्कॅनवर दिसलं आहे. वर सांगितलेल्या ४० जणांच्या चाचणीत ज्यांना आपल्याला पेशी मिळाल्या असं *वाटलं*, त्यांनी जीवनमान सुधारल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात मिळाल्या होत्या की नाही, याने फारसा फरक पडला नाही. तुलनेचा गट नसता तर तो निष्फळ उपचार आज हजारोंच्या डोक्यात गेला असता. माझं मत : आधी नीट सांगून, लेखी संमती घेऊन, मेंदूच्या आवरणाला न छेदता केलं तर ते समर्थनीय आहे. तुमचं मत वेगळं असेल तर अशा चाचणीत जाऊ नका, बस्स.

शस्त्रक्रिया आणि त्यानंतरच्या औषधांचा धोका कुणी सांगत नाही. तो किती?

मेंदूत सुई घालणाऱ्या कुठल्याही शस्त्रक्रियेत रक्तस्रावाची शक्यता असते; डीबीएसच्या (पार्किन्सन्ससाठी मेंदूत विजेची तार बसवण्याच्या शस्त्रक्रियेच्या) अनुभवावरून शंभरात एक-दोन. वर सांगितलेल्या अमेरिका-कॅनडातल्या १२ जणांच्या चाचणीत एका रुग्णाला फिट आली, ती शस्त्रक्रियेमुळे आली असं ठरलं.

दात्याच्या पेशी असतील तर सुमारे वर्षभर किंवा थोडं जास्त काळ टॅक्रोलिमससारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. मूत्रपिंडावर ताण, साखर वाढणं, हातांना कंप. हो, कंप! पार्किन्सन्सच्या माणसाला नवा कंप आला तर तो कशाचा, हे ओळखणं डॉक्टरांनाही सोपं नसतं. पण आपल्याकडे याहून मोठा प्रश्न क्षयाचा आहे. लहानपणी शरीरात शिरून झोपलेला टीबीचा जंतू ही औषधं घेताना उठू शकतो. जपान-अमेरिकेच्या सुरक्षिततेचे आकडे मालेगावच्या किंवा सातपूरच्या सत्तरीतल्या माणसाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. भारतीय रुग्णांवर होणाऱ्या चाचणीत सुप्त क्षयाची तपासणी कशी केली, हे मी पहिल्या पाच प्रश्नांत विचारेन.

भारतात कायदा काय म्हणतो?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत : रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं अस्थिमज्जा-प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा कुठलाही उपचार सर्वमान्य नाही, तो चाचणी म्हणूनच करता येतो. प्रयोगशाळेत बदललेल्या, वाढवलेल्या पेशींचं उत्पादन २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांनुसार ‘नवीन औषध’ ठरतं. त्याला दिल्लीच्या केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची, म्हणजे सीडीएससीओची, परवानगी आणि नोंदणीकृत एथिक्स कमिटीची मान्यता लागते.

आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकलाच आहे. ते परवानगी देतं का?

नाही. म्हसरूळचं विद्यापीठ वैद्यकीय शिक्षण आणि परीक्षा पाहतं. अशा चाचणीची परवानगी दिल्लीहूनच येते.

त्यांनी सीटीआरआय क्रमांक दाखवला. म्हणजे सरकारमान्य झालं ना?

झालं नाही. सीटीआरआय ही चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही आहे. १५ जून २००९ पासून तिच्यात नोंद सक्तीची आहे. नोंद असणं आवश्यक, पण नोंद म्हणजे परवानगी नव्हे. क्रमांक टाकून पान स्वतः उघडा. कुणालाही पाहता येतं, पैसे लागत नाहीत. आजार तोच आहे का, रुग्णालय तेच आहे का, रुग्णांची भरती चालू आहे का, औषध महानियंत्रकांच्या (सीडीएससीओच्या प्रमुखांच्या) मंजुरीच्या रकान्यात काय लिहिलं आहे, हे वाचा. गुडघेदुखीच्या चाचणीचा क्रमांक दाखवून पार्किन्सन्सची इंजेक्शनं विकायला कुणी कुणाचा हात धरलेला नाही. नंतर सीडीएससीओच्या परवानगीचं पत्र, म्हणजे फॉर्म सीटी-०६, दाखवा म्हणायचं. टाळाटाळ झाली तर चहा पिऊन घरी यायचं.

चाचणी आहे, पण तीन लाख भरा म्हणतात.

चाचणीतल्या पेशींचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. पैसे मागितले की उत्तर मिळालं.

खऱ्या चाचणीत जायचं ठरलं तर संमतिपत्रात काय पाहायचं?

संमतिपत्र मराठीत मागा आणि घरी आणून दोन दिवस वाचा. ‘इथेच सही करा’ म्हणणाऱ्यांकडे सही करू नका. पेशी कुठल्या, कोणत्या बॅचच्या आणि त्या बॅचचा तपासणी अहवाल कुठे आहे? आजवर किती माणसांना दिल्या, सगळ्यात जुना रुग्ण किती वर्षांचा अनुभव घेऊन आहे? किती वर्षं बोलावणार, एमआरआय किती वेळा? प्रायोजक कंपनी मध्येच बंद पडली तर पुढची पाहणी कोण करणार? हा शेवटचा प्रश्न विचारल्यावर समोरचे थोडे थबकतात, तरी विचारा. माघार कधीही घेता येते; पण पेशी आत राहतात, म्हणून माघारीनंतरही तपासणी चालू ठेवणं तुमच्याच हिताचं आहे.

नाशिकहून मुंबई-पुण्याच्या फेऱ्यांचा खर्च कोण देणार, हेही लिहून घ्या. कसाऱ्याचा घाट ‘ऑफ’ अवस्थेत, म्हणजे गोळीचा असर संपून अंग आखडलेलं असताना, गाडीत बसून उतरणं काय असतं, ते आखणी करणाऱ्यांना माहीत नसतं.

चाचणीत इजा झाली तर?

गंभीर घटना घडली की संशोधक डॉक्टरने ती २४ तासांत कळवायची असते. इजेवरचा उपचार मोफत, आणि इजा चाचणीमुळे झाल्याचं ठरलं तर सूत्रानुसार भरपाई. हे सगळं २०१९ च्या नियमांत आहे. बाजारात विकत घेतलेल्या इंजेक्शनाला यातलं काहीही लागू होत नाही.

आईला अल्झायमर आहे. तिच्यासाठी?

पार्किन्सन्समध्ये निदान काय बदलायचं ते ठाऊक आहे : एका ठिकाणच्या, एका प्रकारच्या पेशी. अल्झायमरमध्ये नुकसान मेंदूभर पसरलेलं असतं, त्यामुळे पेशी घालून भरपाई हा विचारच अवघड होतो. एएलएसमध्ये (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याच्या आजारात) ‘नूरऑन’ या अस्थिमज्जेच्या पेशींपासून केलेल्या उपचाराचा पुरावा २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने १७ विरुद्ध १ मतांनी अपुरा ठरवला आणि कंपनीने अर्ज मागे घेतला. आणखी एक अडचण : स्मृतिभ्रंशात संमती कोण देणार? आईच्या वतीने सही करताना भावंडांत एकमत नसेल तर थांबा.

फसवणूक वाटली तर नाशिकमध्ये जायचं कुठे?

औषध म्हणून काय विकलं गेलं याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयात, डॉक्टरांच्या वर्तनाची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, पैशाची जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे. तुम्ही मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्ह्यातच करता येते. पावती हवीच. रोख देऊन साध्या कागदावर लिहून घेतलेलं असेल तर कठीण जातं.

बाबांना मागच्या वर्षी इंजेक्शन दिलंच आहे. आता काय करू?

अपराधी वाटून न्यूरॉलॉजिस्टपासून लपवू नका. हेच सगळ्यात जास्त होतं. पेशी कोणत्या, किती, कुठून दिल्या, तारीख, कुपीवरचं लेबल, डिस्चार्ज कार्ड, यांतलं जे सापडेल ते एका फाइलीत ठेवा आणि दाखवा. नवी डोकेदुखी, फिट, पायांत ताकद कमी होणं, लघवीवरचा ताबा जाणं, गोळी न घेताही अंग वाकडंतिकडं हलणं, यांपैकी काही दिसलं तर ‘पार्किन्सन्सच वाढला असेल’ असं घरच्या घरी ठरवू नका. मणक्यात दिलं असेल तर मेंदूसोबत मणक्याचाही एमआरआय लागेल का, हे डॉक्टरांना विचारा. दुष्परिणामाची नोंद भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर रुग्णाच्या नातेवाइकालाही करता येते. पाच-सात वर्षांनी लक्षण आलं तरी फाइल तीच लागेल, तेव्हा ती माळ्यावर टाकू नका.